चार मीटर आणि लाल ठोकळा

पाणी माझ्या अंगाला टेकते तिथे ते अगदी सपाट नसते. कडेला ते किंचित वर चढते, जेमतेम दोन मिलिमीटर, आणि एक बारीक वाटोळी कड तयार होते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन तो डोळ्यांसमोर धरलात, तर तुम्हालाही ती कड दिसेल. मला वाचणाऱ्याने ती कड वाचायची नसते, तिच्या खालचे सपाट पाणी वाचायचे असते. माझ्या अंगावर तेलाचा किंवा शेवाळाचा थर असेल तर ही कड नीट उमटतही नाही. म्हणून तो आधी मला फडक्याने पुसतो, मग ओल्या पायरीवर बसतो, डोळे पाण्याच्या जवळ आणतो आणि मगच आकडा बोलतो. दोन मिलिमीटरने नदीचे काही बिघडत नाही. पण त्याला ते चालत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. तुमच्या दप्तरातली नव्हे. मी पुलाच्या काठाकडच्या खांबावर, दगडी पायऱ्यांलगत उभी ठोकलेली आहे. एकेका मीटरचे सहा लोखंडी तुकडे एकावर एक जोडून मला उभे केले आहे. अंगावर पांढरा मुलामा, त्यावर काळ्या रेघा आणि आकडे. नदीत किती पाणी आहे ते सांगणे, एवढेच माझे काम. आज मी तुम्हाला जे सांगणार आहे ते ऐकताना जीव मुठीत धरू नका. या गोष्टीत कुणाच्याही जिवाला काही होत नाही. झाले असते तर मी ती सांगूच शकले नसते.

माझा जन्म एका भट्टीत झाला. लोखंडाच्या पत्र्यावर काचेची पूड शिंपडतात आणि आठशे अंशांच्या उष्णतेत तो भाजतात. काच वितळून पत्र्याला घट्ट धरते. त्यामुळे मी अडतीस वर्षे पाण्यात उभी राहूनही फार गंजले नाही. मला बसवायला आलेल्या कारागिराने माझे शून्य ठरवण्यासाठी दोन दिवस मोजमाप केले होते. नदी अगदी आटली तरी जिथे ओल राहते, त्या जागी त्याने माझे शून्य ठेवले. जाताना तो खांबावर थाप मारून म्हणाला, “आता हलू नकोस.” तेव्हापासून मी हललेली नाही.

जागची न हलता मला ही नदी कशी कळली, असे तुम्ही विचाराल. काही मी ऐकले आणि काही पाण्याकडून समजून घेतले.

ही नदी डोंगरात तीन झऱ्यांतून निघते. वरच्या गावात ती अरुंद आणि घाईची असते. तिथे लाकूड कापायची गिरणी आहे, त्यामुळे माझ्यापर्यंत अधूनमधून भुसा वाहत येतो. वरच्या गावाखाली तिला दोन ओढे मिळतात. एक लाल मातीतून येतो, दुसरा राखी खडकातून. पाणी लालसर झाले की मला कळते, आज पाऊस पूर्वेच्या उतारावर पडला. राखी झाले तर पश्चिमेच्या. मग ती आमच्या मधल्या गावात येते. इथे पूल आहे, बाजार आहे आणि मी आहे. आमच्या पुढे डोंगर संपतात. उतार कमी झाला की नदीची घाईही कमी होते आणि ती नागमोडी वळणे घेऊ लागते. त्यातले एक वळण घोड्याच्या नालासारखे आहे. वळणातून होडीने गेले तर साडेआठ किलोमीटर आणि वळणाच्या दोन टोकांमधल्या जमिनीवरून चालत गेले तर पाच मिनिटे. त्या अरुंद जमिनीला सगळे ‘मान’ म्हणतात. मानेच्या पुढे खालचे गाव. तिथे नदी रुंद, उथळ आणि वाळूची आहे. तिच्या काठावर, अगदी सखल जागी, एक शाळा आहे. पुलापासून शाळेपर्यंत नदीच्या वाटेने एकवीस किलोमीटर. खालच्या गावापुढे ती कुठे जाते, ते मला कुणी सांगितलेले नाही.

पहिली बारा वर्षे माझ्या वाट्याला जो निरीक्षक आला, त्याचे घर पुलासमोरच होते. तो खिडकीतूनच मला बघायचा. थंडीत तर खिडकीही उघडत नसे. कार्यालयातून वही तपासायला साहेब आले, तेव्हा त्यात सलग चाळीस दिवस एकच आकडा निघाला. साहेबांनी विचारले, “नदी चाळीस दिवस जागच्या जागी उभी होती का?” तो म्हणाला, “साहेब, आमची नदी फार शांत आहे.” त्या काळात माझ्या अंगावर बोटभर शेवाळ चढले. एका गादीवाल्याने तीन आणि चार मीटरच्या मध्ये आपल्या दुकानाचा कागद चिकटवला. होडीवाले मला दोर बांधत. त्या ओढाताणीत माझ्या दोन मीटरच्या खुणेजवळच्या मुलाम्याचा टवका उडाला. अजून तिथे तांबूस डाग आहे.

मग तो आला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पहिल्याच दिवशी त्याने गादीवाल्याचा कागद भिजवून, नखाने खरवडून काढला. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला तो पायऱ्या उतरतो. पूर असला तर दर तासाला. सव्वीस वर्षे झाली. खालच्या गावातल्या शाळेची मुले त्याला सेंटीमामा म्हणतात. सेंटी कशासाठी ते तुम्हाला कळलेच असेल. मामा यासाठी, की त्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे गाव मोठ्या बाई म्हणते, त्या याच्या सख्ख्या थोरल्या बहीण.

सेंटीमामाला दोन्ही हात मोकळे लागतात, एकात फडके, एकात पेन्सिल. म्हणून तो फोन पायरीवर ठेवून मोठ्या आवाजात बोलतो. त्यामुळे बहीणभावांचे सगळे बोलणे मला ऐकू येते. रोजचे बोलणे साधारण असे असते.

“ताई, एक मीटर बत्तीस.”

“वाढलं की उतरलं?”

“एका सेंटीमीटरनं वाढलं.”

“हे सांगायला फोन केलास? जेवलास का ते सांग.”

पण एक आकडा आला की मोठ्या बाई थट्टा करत नाहीत. तो आकडा चार. माझ्यावर चार मीटर पाणी आले, की सहा तासांनी शाळेच्या उंबऱ्याला पाणी लागते. खालच्या गावात हा नियम लहान मुलेही पाढ्यासारखा म्हणतात, ‘पुलावर चार, सहा तास फार.’ सहा तासांत मुले घरी पोचवता येतात, बाके भिंतीला टांगता येतात, नकाशे काढून कपाटावर ठेवता येतात. चार वेळा असे झाले. चारही वेळा वेळ पुरून उरला. एकदा पाटबंधारे खात्याच्या मोठ्या इंजिनिअरबाई आल्या होत्या. त्यांनी माझ्यावरून हात फिरवून म्हटले होते, “एवढ्याशा पट्टीवर अख्खी शाळा निर्धास्त आहे.” खोटे कशाला बोलू, त्या दिवशी मला फार बरे वाटले होते.

त्याच बोलण्यात एक मेख होती, हे मला पुढे कळले. तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या अध्यक्षांनी मोठ्या बाईंना एक जागा देऊ केली. खालच्या गावातल्या टेकाडावर धान्याचे एक रिकामे गोदाम होते. भिंती भक्कम, छप्पर नवे, पाणी चढायची भीती नाही. बाईंनी फक्त हो म्हणायचे होते. बाई म्हणाल्या, “बघू.”

सेंटीमामाने अनेकदा विषय काढला. एकदा तो चिडून म्हणाला, “ताई, तीन वर्षं झाली. गोदामात आता घुशी शाळा भरवायला लागतील.”

“भरवू देत. तुझी पट्टी आहे ना? सहा तास आहेत ना? मग तुला कसली घाई?”

मित्रांनो, मी अचूक असल्यामुळेच शाळा धोक्याच्या जागी राहिली होती.

बाई हट्टी होत्या, पण त्यामागे कारण होते. ती शाळा त्यांच्या वडिलांनी बांधली. ते गवंडी होते. बाई पाच वर्षांच्या असताना वडिलांचा डबा घेऊन गेल्या आणि उंबऱ्याआतल्या ओल्या सिमेंटवर त्यांनी पाऊल टाकले. आता बाप ओरडणार, म्हणून त्या तिथेच रडायला लागल्या. वडिलांनी थापी हातात घेतली, पावलाकडे पाहिले आणि थापी खाली ठेवली. म्हणाले, “राहू दे. शाळेला पहिली विद्यार्थिनी मिळाली.” ते पाऊल अजून तिथे आहे. एकवीस सेंटीमीटर बाय एकवीस सेंटीमीटरच्या चौकोनात, दरवाज्याच्या डाव्या हाताला. नवीन मूल शाळेत आले की आधी त्या पावलावर आपले पाऊल ठेवून बघते. हे सगळे मला सेंटीमामाने सांगितले. म्हणजे त्याने मला नाही, पायरीवर शेजारी बसलेल्या होडीवाल्याला सांगितले. मी ऐकले.

आता लाल ठोकळ्याची गोष्ट.

दर वर्षी पावसाचे दिवस सुरू होण्याआधी सेंटीमामा एक प्रयोग करतो. विटेएवढा लाकडी ठोकळा लाल रंगाने रंगवतो, त्यावर पांढरा आकडा घालतो आणि सकाळी बरोबर सहा वाजता पुलावरून नदीत सोडतो. खालच्या शाळेची मुले तो येण्याची वाट बघतात. साध्या पाण्यात ठोकळ्याला नऊ तास लागतात. पुराचा लोंढा याच वाटेने सहा तासांत जातो, कारण पुराचे पाणी जोरात असते. ठोकळ्याचे नऊ तास कायम असले, तर पुराचे सहाही कायम आहेत, असा त्याचा ताळा. ठोकळा दरवर्षी तीनच्या सुमारास शाळेवरून जायचा आणि मुले टाळ्या वाजवायची.

त्या वर्षी ठोकळा आलाच नाही.

“बुडाला असेल रे तुझा ठोकळा,” बाई म्हणाल्या.

“लाकूड आहे ताई, बुडेल कसं?”

“मग मुलं म्हणतायत ते खरं असेल. माशानं गिळला.”

चार दिवसांनी त्याने दुसरा सोडला. तोही आला नाही. तिसऱ्याला त्याने टिनाचे छोटे निशाण लावले, लांबून दिसावे म्हणून. तोही नाही. फोनवर बाईंच्या मागून मुलांचा गलका ऐकू येत होता, “मामा, माशाचं पोट दुखत असेल!” सेंटीमामा हसला, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. पाणी एक मीटर नऊ होते. ते वाचून झाले होते. तरी तो बसला होता.

मग त्याने पुन्हा फोन लावला.

“ताई, मुलं किती वाजल्यापासून बघत होती?”

“दोनपासून. नेहमीसारखी. दोन ते चार पायऱ्यांवर बसवते मी सगळ्यांना.”

“आणि दोनच्या आधी?”

“दोनच्या आधी गणित असतं रे!”

त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि काढली. मग म्हणाला, “चौथा सोडतो उद्या. सकाळी सातपासून कुणालातरी बसव. शाळा सुटेपर्यंत. नदीवरून नजर हलवायची नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चौथा ठोकळा माझ्या समोरून गेला. सेंटीमामा आठचे वाचन करून घरी गेला नाही. पायरीवरच बसला. होडीवाल्याने विचारले, “काय मामा, आज नदीनं आमंत्रण दिलंय का?” तो म्हणाला, “ठोकळ्याची वाट बघतोय.” होडीवाला म्हणाला, “तो तर गेला की सहाला!” आणि दोघेही हसले.

तीनच्या आधी काही कळणार नाही, असे मलाही वाटत होते. अकरा वाजून सदतीस मिनिटांनी फोन वाजला. बाई नव्हत्या. शाळेच्या शिपाईमावशी होत्या.

“मामा, ते तुमचं लाल लाकूड गेलं आत्ता. मी उठू का आता?”

“काय? किती वाजले होते?”

“साडेअकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. फोन शोधण्यात दोन गेली.”

“मावशी, नीट आठवा. त्यावर आकडा कुठला होता? आधीचा अडकलेला सुटून आला असेल.”

“चार होता. मी शाळेत शिपाई आहे मामा, चार ओळखता येतो मला. उठू का? मटार सोलून झाले कधीच.”

नऊ तासांची वाट पाच तास पस्तीस मिनिटांत. म्हणजे आधीचे तीनही ठोकळे हरवलेच नव्हते. मुले वर्गात पाढे म्हणत होती, तेव्हा ते खिडकीखालून शांतपणे निघून गेले होते. सगळ्यांनी नदीकडे पाहिले होते, पण ठोकळा यायला हवा होता त्या वेळी. तो आला त्या वेळी कुणी पाहिले नव्हते.

सेंटीमामा त्याच दुपारी सायकल घेऊन काठाकाठाने गेला. संध्याकाळचे पाचचे वाचन त्याने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वीस मिनिटे उशिरा केले. त्याच्या चपलांना लाल चिखल होता. फोन पायरीवर ठेवून तो म्हणाला, “ताई, मान तुटली.”

“कुणाची रे!” बाई किंचाळल्या.

“अगं, नदीची. वळणाची मान. नदी आता वळणातून जातच नाही, सरळ मधून जाते. वळणात नुसतं पाणी साचलंय, बेडकं बसलीत.”

मानेवर वीटभट्टी होती. वीटवाल्याने वर्षानुवर्षे तिथली माती काढली. काढता काढता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चर झाला. मागच्या पावसाळ्याच्या शेवटच्या पुरात पाण्याला तो चर सापडला आणि पाण्याने तो रुंद केला. साडेआठ किलोमीटरचे वळण सोडून नदी अर्ध्या किलोमीटरच्या चरातून वाहू लागली.

“मी त्याला विचारलं,” सेंटीमामा सांगत होता, “एवढी मोठी गोष्ट झाली, कुणाला सांगितली का नाही? तर म्हणतो, ‘सांगायचं काय त्यात? पाणी जवळच्या वाटेनं गेलं. मीसुद्धा जवळच्याच वाटेनं घरी जातो.’”

बाई हसल्या नाहीत. “म्हणजे आपले सहा तास?”

“एकवीसातले आठ किलोमीटर गेले. तेरा उरले. हिशेब केला मी दोनदा. पावणेचार तास. त्याहून पाच मिनिटं कमीच धर.”

बाईंनीही तो हिशेब तोंडातल्या तोंडात करून पाहिला. मग बाई म्हणाल्या, “पुरतील. आवरून बाहेर पडायला अडीच तास लागतात आम्हाला.”

“ताई, गोदाम…”

“बघू म्हटलं ना.”

त्यानंतर अकरा दिवसांनी रात्रभर दोन्ही ओढ्यांवर पाऊस झाला. सकाळी पाणी लालही नव्हते आणि राखीही नव्हते. दोन्ही रंग एकत्र मिसळून गढूळ विटकरी झाले होते. असे मी क्वचितच पाहिले होते. आठ वाजता तीन मीटर सदतीस. पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली जात होत्या आणि सेंटीमामा एकेक पायरी वर सरकत होता. नऊ वाजून वीस मिनिटांनी पाणी माझ्या चारच्या रेघेला लागले. आता कडेची ती दोन मिलिमीटरची गोलाई वगैरे काही नव्हती, नुसते उसळते पाणी होते. तरी त्याने उंच लाट आणि खोल लाट यांच्या मधले पाणी बघितले. घाईतही त्याने मला नीट वाचले.

“ताई, चार. नऊ वीस. ऐक, एक वाजेपर्यंत येणार नाही, पण तू बारा धर. बाके टांगत बसू नकोस. नकाशे राहू देत.”

“निघालोच आम्ही,” बाई म्हणाल्या. मागे घंटा वाजत होती, शाळा सुटायची नव्हे, सलग, न थांबता.

साडेदहानंतर फोन लागेनासा झाला. सेंटीमामा दर पंधरा मिनिटांनी मला वाचत राहिला. चार बावीस. चार एकतीस. चार चव्वेचाळीस. दर पंधरा मिनिटांनी वाचायचा नियम नाही, पण माणसाच्या हातांना काहीतरी काम लागते. होडीवाला त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने स्वतःची छत्री मामाच्या वहीवर धरली.

बारा वाजले. एक वाजला. मी मोजण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. पुढे गेलेल्या पाण्याला मागे बोलावता येत नाही.

एक वाजून पन्नास मिनिटांनी फोन वाजला. सेंटीमामाने तो पहिल्याच घंटीला उचलला.

“चौसष्ट,” बाईंचा आवाज आला.

“काय?”

“चौसष्ट मुलं. टेकाडावर आहोत. गोदामात.”

“परत मोज.”

“तीनदा मोजली रे. चौसष्ट. शिपाईमावशी आहेत. मी आहे. बारा पाचला शेवटचं मूल निघालं. उंबऱ्याला पाणी बारा पंचावन्नला लागलं. मी वरून पाहिलं, घड्याळ हातात धरून. सहा तास धरले असते, तर तीन वाजून वीस मिनिटांपर्यंत वेळ आहे असं समजून मी मधल्या सुट्टीनंतर घंटा दिली असती. एक वाजता.”

सेंटीमामा वरच्या पायरीवर बसला. त्याने फडके काढले आणि हात पोचेल तिथवर मला पुसू लागला. पुसायची काही गरज नव्हती. पाणी अजून चढत होते. होडीवाला म्हणाला, “मामा, उद्या पुसा.” तो म्हणाला, “हो.” आणि पुसत राहिला. त्याचे डोळे पुसायचे कुणाला सुचले नाही.

पाणी चार मीटर शहाऐंशीला थांबले आणि दुसऱ्या दिवशी उतरू लागले. शाळेच्या भिंतींवर खिडकीच्या दुसऱ्या गजापर्यंत चिखलाची रेघ राहिली. बाके मोडली. नकाशांचा लगदा झाला. मुलांपैकी एकाचा डावा बूट हरवला. एवढेच.

मित्रांनो, माझ्यासारख्या पट्ट्या तुमच्याही नदीवर, तलावावर, धरणावर कुठेतरी असतील. त्यांना दोर बांधू नका. त्यांच्यावर कागद चिकटवू नका. जमले तर त्यांचे शेवाळ काढा. पण मी आणखी एक मागणे मागते. आमच्यावर विश्वास ठेवा, पण आमच्या भरवशावर झोपू नका. मी खांबाला ठोकलेली आहे, नदी ठोकलेली नाही. ती दरवर्षी थोडी वाट बदलते, थोडी माती इथून तिथे नेते. काल खरा असलेला आकडा आज खरा आहे का, हे कुणीतरी ठोकळा सोडून पाहावे लागते. आणि पाहायचे असेल, तर सकाळपासून पाहावे.

पूर ओसरल्यावर आठ दिवसांनी मोठ्या बाई पुलावर आल्या. या पुलावरून त्या शेकडो वेळा गेल्या असतील, पण पायऱ्या उतरून माझ्यापाशी कधी आल्या नव्हत्या. पदर खोचून, भावाचा हात धरून त्या खाली आल्या. त्यांच्या नखांत अजून चिखल होता. पाणी एक मीटर चाळीस होते.

“ही होय तुझी पट्टी,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं होतं मोठी असेल.”

“सहा मीटर आहे ताई. अजून किती मोठी हवी?”

“शाळेचा उंबरा कुठे येतो हिच्यावर?”

“चारला.”

“ते माहीत आहे रे मला. कुठेय चार?”

“वर बघ.”

त्यांनी समोर पाहिले, मग थोडे वर पाहिले, मग मान मागे टाकून पाहिले. त्या जिथे उभ्या होत्या तिथून माझा चारचा आकडा त्यांच्या डोक्याच्या हातभर वर होता. त्यांनी हात उंच केला. बोटे आकड्याला जेमतेम टेकली. तळहात मुलाम्यावर तसाच राहिला.

“एवढं पाणी?” त्या हळूच म्हणाल्या. “सव्वीस वर्षं तू मला चार चार म्हणतोयस आणि मी पाटीवरचा चार समजत होते.”

सेंटीमामा फडक्याने मला पुसू लागला.

“पहिलीतली पोरं माझ्या कमरेला येतात,” त्या म्हणाल्या. मग हात खाली घेतला आणि तो पदराला पुसला. “काल उंबऱ्याआतला गाळ काढला. ते पाऊल आहे तसंच आहे. बाबांचं काम. काही झालं नाही त्याला.”

“गवंड्याची पोरं आहोत आपण. तेवढी फरशी कापून नेता येते.”

“फुटली तर?”

“मी कापीन. मिलिमीटर बघून.”

त्या हसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच. “बाबा असते तर काय म्हणाले असते रे?”

“बाबांनी आधी विचारलं असतं, पाणी कुठवर आलं होतं.”

बाईंनी पुन्हा एकदा वर, माझ्या चारकडे पाहिले. मग भावाने पायरीवर ठेवलेला फोन उचलला, नगरपालिकेच्या अध्यक्षांचा नंबर लावला आणि पलीकडून हॅलो येताच, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मोठ्या बाई बोलतेय, खालच्या शाळेतून. तुम्ही तीन वर्षांपूर्वी विचारलं होतं, त्याचं उत्तर देते. गोदाम झाडून ठेवा. सोमवारपासून शाळा वर भरेल.”